तयार माणूस

"तयार मानूस घेऊ नका, बाई. आपला आपन बनवू." असं म्हणत ती एण्टरच्या बटणावरचं माझं बोट उचलून बाजूला ठेवायची.

मुलांनो, तुम्ही तिकडे संगणकावर राक्षस मारता, म्हणून तिच्याबद्दल लिहिते. नव्वदच्या दशकात मी आदिलाबादच्या एका मराठी शाळेची मुख्याध्यापिका होते. ती आमच्याच शाळेत शिकली आणि तिथेच कारकून झाली. आईवडील नव्हते; मोठा भाऊ तलमडुगूला शेती करी. कार्यालयात पहिला संगणक आला, तेव्हा बसवणाऱ्याने त्यात एक खेळ ठेवून दिला होता.

खेळ उघडला की एक गोरा, रुंद खांद्यांचा तलवारवाला समोर यायचा. एण्टर दाबलं की तो आपला. तो नको असेल तर नाव, रूप, विद्या आपण ठरवायची. मी एण्टरच दाबायचे. कुणीतरी विचार करूनच बनवला असेल, असं मला वाटे. ती मात्र मधल्या सुट्टीत, डबा तसाच ठेवून, मला इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारत एक बुटकी, सावळी, जडीबुटीवाली बाई बनवायची. नाव स्वतःचं.

"राजाने तिला राक्षस मारायला पाठवलंय ना?"

"पाठवू द्या. ते नदीकडं चालली."

"आणि राजा?"

"थांबते, बाई. या खेळातला राजा थांबते."

मग भावाने मंचेरियलचं स्थळ आणलं. खाणीत नोकरी, राहायला क्वार्टर, पहिली बायको वारलेली. ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "मले नाई जायचं, बाई. भाऊ तुमचं ऐकते. सांगा त्याले."

भाऊ आला, खुर्चीच्या कडेवर बसला. "म्याडम, तुमी सांगान तसं."

ती दाराशी उभी होती. मी पगार विचारला, घर विचारलं, नळ आहे का तेही विचारलं. मग म्हणाले, "स्थळ चांगलं आहे. आणखी काय हवं?"

लग्नाआधी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी तिने कपाटाच्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या.

"तुमी काऊन नाई बोलल्या, बाई?"

"बोलले की."

"भावाच्या बाजूनं बोलल्या."

दीड वर्षाने भाऊ एकटाच आला. स्टोव्ह भडकला, त्यात गेली, म्हणाला. ना त्याने माझ्याकडे पाहिलं, ना मी त्याच्याकडे. पोलिसांना द्यायला त्याला तिच्या वयाचा दाखला हवा होता.

आमच्या छापील दाखल्यात वर्तणुकीचाही रकाना असे. शाळेतल्या सगळ्याच मुलींसाठी लिहायचे तेच मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आज्ञाधारक', आणि खाली शिक्का मारला.