पाण्याला भिणारा बॅटरीवाला

रंकाळ्यावर माझी सहलीची बोट होती तेव्हा तिच्या दिव्यांच्या आणि टेपच्या बॅटऱ्या उचगावचा एक मिस्त्री सांभाळायचा. दिवसभर बॅटऱ्यांत पाणी भरणारा हा गडी तळ्याला मात्र भलताच भ्यायचा. बोटीत पाय म्हणून टाकायचा नाही. बॅटऱ्या मी काठावर आणायच्या आणि त्याने पायरीवर बसून त्यांची टोकं घासत ओरडायचं, "पाणी बॅटरीतच बरं, पावणं!"

खंडेनवमीच्या संध्याकाळी दोन्ही बॅटऱ्या नव्या घातल्या. त्याने काठावरूनच सांगितलं तशा वायरी मी जोडल्या. बटण दाबताच बोट झगमगली आणि टेप असा कडाडला की घाटावरच्या म्हशी उधळल्या. मी पूजेचा नारळ फोडायला उचलला.

"थांबा! बॅटरी ज्याची, नारळ त्येचा!" म्हणत त्याने डोळे मिटून बोटीत उडीच घेतली. त्या धक्क्याने दोर सुटून बोट तळ्यात सरकली. माझ्या हातातला नारळ ओढून छातीशी धरून तो "आयो, मेलो!" ओरडत राहिला. मग हळूच त्याने डोळे उघडले. भोवतीच्या पाण्यात लाल-हिरवे दिवे नाचत होते.

इंजिन चालू करून मी बोट काठाला लावली. हा उतरेचना.

"आनि एक फेरी मारा की," तो म्हणाला. "बॅटरी तपासाय नको व्हय?"