अर्डिसचा पक्षपात

आमच्या मोंटानातल्या खोऱ्यात अर्डिस क्वामीने भरलेल्या काडतुसांना नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ती गॅरेजमध्ये बसून अख्ख्या रायफल क्लबची काडतुसं भरायची. रिकाम्या पितळी पुंगळ्या आपण नेऊन द्यायच्या, आठवड्याने आपल्या नावाच्या डब्यात त्या भरून मिळायच्या. बारुदीचा शेवटचा दाणा ती चिमट्याने तराजूत टाकायची. त्या वेळी श्वास घेतलेलाही तिला खपत नसे. मी एकदा शिंकलो, तर तिच्या कुत्र्याबरोबर मला अंगणात काढलं होतं.

मग क्लबने गोळीचा वेग मोजायचं यंत्र आणलं आणि सुखातला जीव दुःखात पडला.

ते आधी वापरायला मिळालं लेलँड आणि मर्विन या स्ट्राउड बंधूंना. दोघेही साठी उलटलेले, बिनलग्नाचे, एकाच छपराखाली राहणारे. भांडण नको म्हणून बापाने दोघांना एकाच दिवशी, एकाच दुकानातून, लागोपाठच्या नंबरच्या रायफली घेऊन दिल्या होत्या. भांडणं अर्थातच थांबली नाहीत. भांडायचा एकटा लेलँडच. मर्विन ऐकून घ्यायचा.

दोघांनी आपापल्या डब्यातल्या दहा-दहा गोळ्या झाडल्या. लेलँडची गोळी मर्विनच्या गोळीपेक्षा सेकंदाला ऐंशी फुटांनी हळू निघाली.

"दहाच्या दहा हळू!" लेलँड कडाडला. "माझ्या डब्यात बारूद कमी भरते ही बाई! मर्विनवर जीव जडलाय तिचा, दुसरं काय?"

मर्विन कानापर्यंत लाल झाला.

दुपारपर्यंत ही बातमी माझ्या कॅफेत ॲपल पाय खाता खाता सगळ्यांनी चघळली. संध्याकाळी क्लबातल्या दुसऱ्या दोघांनी अर्डिसकडून आपल्या पुंगळ्या परतही नेल्या.

"वीस वर्षं श्वास कोंडून त्या तराजूपुढे बसले रे," ती मला म्हणाली, "आणि आता म्हणे मी मापात पाप करते!" तिचे डोळे भरून आले. मला लेलँडचा असा राग आला, की आठवडाभर त्याला मी मुद्दाम गार कॉफी दिली. त्याला ते कळलंही नाही, हा भाग वेगळा.

त्याच आठवड्यात मर्विनने केस कापले आणि इस्त्रीचा शर्ट घातला. मला वाटलं, कुणाच्या तरी अंत्यविधीला निघालाय.

शनिवारी सकाळी अर्डिस मैदानावर आली. तिने दोन्ही भावांचे डबे मागून घेतले, सगळी काडतुसं केकच्या भांड्यात ओतली आणि चांगली कालवली.

"घ्या यातली कुठलीही. आता कर माझ्यावर आरोप, लेलँड."

दोघांनी झाडल्या. लेलँड पुन्हा ऐंशी फुटांनी मागे.

"आता रायफली बदला."

बदलल्या. या खेपेला लेलँड पुढे आणि मर्विन मागे.

"काडतुसं तीच, माणसं तीच," अर्डिस म्हणाली. "फरक नळीत आहे, शहाण्या. एका कारखान्यात तासल्या तरी दोन नळ्या सारख्या होत नाहीत. एक केसभर घट्ट, एक केसभर सैल. घट्ट नळीत जोर कोंडतो, गोळी सुसाट सुटते. तुझी नळी सैल आहे, लेलँड. आणि जीभही."

लेलँडने टोपी काढली. "चुकलं माझं," तो पुटपुटला. हे शब्द त्याच्या तोंडून ऐकायला आम्ही सगळे जन्मभर थांबलो होतो, त्यामुळे त्याला ते तीनदा म्हणायला लावलं. पुंगळ्या परत नेणारे दोघे हळूच त्या अर्डिसच्या गाडीत ठेवून आले.

सगळे जेवणाच्या टेबलाकडे वळले. मर्विन मात्र यंत्रापाशीच उभा होता. मग तो अर्डिसजवळ आला.

"म्हणजे माझ्या डब्यात बारूद जास्त नव्हती?"

"छे! लेलँडइतकीच होती." तिचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

"एखादा दाणा?"

"अर्धासुद्धा नाही!"

मर्विनने मान हलवली. खाली बघितलं, यंत्राकडे बघितलं.

"यंत्र नवीन आहे गं," तो म्हणाला. "चुकत असेल. परत एकदा मोजूया का?"