हिंगाच्या डबीतली घड्याळं

देवळाली कॅम्पच्या बाजारात सहादू पाळदेचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि माझं शिलाईचं दुकान यांच्यामध्ये एकच लाकडी फळी होती. मी जवानांचे गणवेश शिवायचो आणि तो फळीपलीकडून मला वेळ सांगायचा. विचारली नसताना सांगायचा, याचाच मला राग. "पुंजा, ह्या काजाला एक मिनिट बावीस सेकंद लागले. काल एक मिनिट दहा व्हते." असला शेजारी वैऱ्यालाही मिळू नये.

हे वेड त्याला एका म्हाताऱ्या कर्नलसाहेबांमुळे लागलं. साहेबांनी दुरुस्तीला सोन्याचं क्रोनोग्राफ घड्याळ आणून दिलं होतं. चावीच्या वर-खाली दोन जादा बटणं. एक दाबलं की लांबसडक काटा पळत सुटायचा, पुन्हा दाबलं की जागच्या जागी थांबायचा, आणि दुसरं दाबलं की टुणकन उडी मारून बारावर. सहादूने ते तासाभरात दुरुस्त केलं आणि परत द्यायला चार दिवस लावले. तेवढ्यात त्याने चहाचं आधण, कुकरची शिट्टी, स्टेशनात पॅसेंजरचं थांबणं, सगळं मोजून काढलं. घड्याळ गेलं तेव्हा लेक सासरी गेल्यासारखा बसला होता.

असली घड्याळं जमवणं हा श्रीमंतांचा शौक. सहादूच्या घरात सोनं म्हणाल तर वत्सलावहिनींच्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या. पण पठ्ठ्याने वाट काढली. नव्वदीच्या सुरुवातीला सेलवरच्या घड्याळांची चलती झाली, रोज चावी द्यायचा लोकांना कंटाळा येऊ लागला, आणि आजोबांची सोन्याची घड्याळं मोडीत घालायला माणसं नाशिकच्या सराफ बाजारात जाऊ लागली. सराफाला हवं बाहेरच्या केसचं सोनं. आतलं मशीन ठोकून काढायचं आणि फेकून द्यायचं. सहादूने हे एकदा डोळ्यांनी पाहिलं आणि त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग झुंबरशेठ सराफांशी त्याचा तोंडी करार झाला. सहादूने दर गुरुवारी यायचं आणि मोडीतली घड्याळं नीट उघडून द्यायची. सोनं शेठचं, मशीन सहादूचं.

आता ही उघडी मशीनं ठेवायची कशात? तर हिंगाच्या डबीत. झाकणाला गोल भोक पाडून वर काच बसवायची, बाजूला बटणांसाठी छिद्रं. आत दुर्मीळ स्विस मशीन, बाहेर पिवळी डबी आणि वर तो वास. "आमच्याकडं हिंग संपायच्या आधी डबी रिकामी व्हते," असं वत्सलावहिनी येईल त्याला सांगायच्या. नव्याण्णव सालापर्यंत अशा चौदा डब्या झाल्या. मी हसायचो खरा, पण चौदाही एकदम चालू केल्या की मी माझं शिलाईयंत्र थांबवून ऐकत बसायचो. फार गोड वाटायचं ते.

सहादूला मात्र एक सल होता. "चौदाच्या चौदा मीच मोडली रे," तो म्हणायचा. "एक तरी धड ऱ्हायला पायजे व्हतं."

त्या साली एका गुरुवारी मला बटणं आणायची होती म्हणून मी त्याच्यासोबत गेलो. झुंबरशेठनी त्याच्यापुढे एक घड्याळ ठेवलं. दोन बटणांचं, तबकडीत तीन छोट्या तबकड्या, निळा काटा, सोन्यावर एक ओरखडा नाही. सहादूने डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मग खाली मान घालून म्हणाला, "शेठ, हे सोनं नाय. मुलामा हाय."

शेठनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "मुलामा? मग माझ्या काय कामाचं? घेऊन जा तुला."

सहादूने ते रुमालात बांधलं. बसमध्ये हातात घातलं नाही. दुसऱ्या दिवसापासून फळीपलीकडचा आवाज बंद. इतकी वर्षं मी जी शांतता मागत होतो ती अशी अंगावर आली की माझे काज वाकडे होऊ लागले. बुधवारी मीच विचारलं, "सहादू, किती लागले रे ह्या काजाला?"

"मोजले नाय," तो म्हणाला. मग फळीजवळ येऊन हळूच म्हणाला, "पुंजा, सोनं हाय ते. अठरा कॅरेट. सात वर्सांत शेठनी माझ्या हाताकडं एकदा नाय पाह्यलं. सगळं सोनं माझ्यापुढं टाकून आत जायचे. आता मी त्यांना तोंड कसं दाखवू?"

मी म्हटलं, गप्प बस, शेठला काय कमी आहे. माझे सल्ले असलेच असतात.

गुरुवारी मीही त्याच्यासोबत गेलो. त्याने घड्याळ शेठच्या गादीवर ठेवलं. "मी खोटं बोललो, शेठ. सोनं हाय हे." आवाज इतका बारीक की मलाच पुढे वाकावं लागलं.

शेठ कुणाची तरी नथ तोलत होते. ती बाजूला ठेवून त्यांनी कसोटीचा काळा दगड काढला. त्यावर एक सोनेरी रेघ होती. "ही ह्याच घड्याळाची. तू यायच्या आधी घासलेली. पुसली नाही मी मुद्दाम. अरे, दगडावर घासल्याशिवाय सराफ कुणाला पैसे देतो का?"

सात वर्षं सराफाच्या पेढीवर बसलेल्या माणसाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं! सहादूचा चेहरा पाहून मला हसू आवरेना. "मग दिलं कशाला मला?" त्याने विचारलं.

"सात वर्षांत तू काही मागितलं नाहीस. मागता येत नाही तुला, म्हणून खोटं बोललास. म्हटलं, बघू किती दिवस पचतं." शेठनी घड्याळ उचलून तिजोरीत ठेवलं. "करार तोच. सोनं माझं, मशीन तुझं. उघडायची घाई नाही."

तेव्हापासून दर गुरुवारी सहादू त्याला चावी द्यायचा आणि चहा संपेपर्यंत मनगटावर घालून बसायचा. दर दिवाळीला शेठसमोर मागचं झाकण उघडून तेल घालायचा. आठ वर्षं असं चाललं.

मग सोन्याचे भाव चढले. पेढी शेठच्या मुलाकडे आली होती. तिजोरी आवरताना त्याला हे घड्याळ सापडलं. त्या गुरुवारी मीही सहादूसोबत होतो. "काका, मशीन काढून द्या," तो म्हणाला. "आजच आटवायला टाकतो." म्हातारे शेठ कोपऱ्यात टेकून बसले होते. ते एवढंच म्हणाले, "मशीन सहादूचं आहे. त्याला विचार."

सहादूने भिंग लावलं. झाकण उघडायची सुरी हातात घेतली, बराच वेळ धरली आणि खाली ठेवली. "नाय निघत. आत पार चिकटलंय. जोर केला तर केस फाटंल."

मुलाने वडिलांकडे पाहिलं. आठ दिवाळ्या शेठनी ते झाकण उघडताना पाहिलं होतं.

"सहादू म्हणतो तर नसेल निघत," शेठ म्हणाले. "ठेव आत."

परतीच्या बसमध्ये सहादू खिडकीबाहेर बघत होता. नाशिकच्या द्वारका चौकात नेहमीसारखी गाडी अडकली, तेव्हा म्हणाला, "पुंजा, पुढच्या गुरुवारी खरं सांगून टाकतो."

"सांगितलंस तर जन्मात तुझ्याशी बोलणार नाही. आत्तापासूनच."

त्याने खिशातून हिंगाची डबी काढली आणि बटण दाबलं. "बघू," तो म्हणाला, "किती येळ गप ऱ्हातोस."

मी निश्चयाने तोंड फिरवलं. बस द्वारका ओलांडायच्या आत मीच त्याला विचारलं, किती झाले म्हणून.