तीन गावांची झोप

मंगळवार, ९ जानेवारी २०२४. देवपूर, धुळे. थंडी बरीच. सकाळी पोहे. अभिमन दाढी करता करता आरशासमोरच झोपला. गालावर बारीक चीर, तुरटी लावली. दुपारी पावणेदोन ते साडेपाच झोप. उठल्यावर चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तसाच प्यायला.

कुंदाबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि मागची चार पानं उलटून पाहिली. पारोळ्याहून धाकट्या भावाकडे आल्याला पाच दिवस झाले होते. लहानपणी वडील रेल्वेत असल्याने त्या भुसावळला नन्सच्या शाळेत शिकल्या. तिथल्या एका सिस्टरने रोजनिशी लिहायला शिकवलं : आधी तारीख, मग हवा, मग घडलं तेवढंच, वाटलं ते देवाला सांगायचं, वहीला नाही. साठ वर्षं त्यांनी तो नियम पाळला. त्यामुळे वहीत काळजीचा एक शब्द नव्हता, फक्त झोपेच्या वेळा होत्या. त्यांची बेरीज केली तेव्हा चोवीस तासांत सतरा तास निघाले.

अभिमन नाना म्हणजे वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. शिस्तीचा इतका, की लग्नात मंगलाष्टकं लांबली तेव्हा भटजींना घड्याळ दाखवलं होतं. कारखान्यात काय बनतं हे त्याने बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. बेबाबाई शेजारणींना सांगायच्या, "आमचे हे काय बनवतात ते देवाला ठाऊक. घरी मात्र साधा चहा बनवत नाहीत." निवृत्त होऊन देवपुरात घर बांधलं, अंगणात पेरू लावला, आणि गेल्या ऑगस्टमध्ये बेबाबाई तीन दिवसांच्या आजारात गेल्या.

त्यानंतर रीतीप्रमाणे दुखवटा काढायला जो तो नानांना आपल्या घरी घेऊन गेला. मुलगा नवल जळगावला, मुलगी रत्ना बोदवडला. पंधरा-पंधरा दिवस ठेवलं, गोडाधोडाचं खाऊ घातलं, नवे कपडे केले. दोघांनाही वडील रात्रभर जागे दिसले. आता पोरांनी काळजी करावी नाही तर काय करावं?

बुधवारी सकाळी नाना अंघोळीला गेल्यावर कुंदाबाईंनी कपाट उघडलं. कारखान्यात न्यायचा जुना स्टीलचा डबा खालच्या कप्प्यात होता. तीन पुडांचा. प्रत्येक पुडावर कागदाची चिकटपट्टी आणि त्यावर नानांचं मोत्यासारखं अक्षर : धुळे. जळगाव. भुसावळ. प्रत्येकात गोळ्यांची पाकिटं आणि घडी घातलेली डॉक्टरांची चिठ्ठी.

डबा पदराखाली धरून त्या कोपऱ्यावरच्या सत्तारभाईंच्या औषध दुकानात गेल्या. सत्तारभाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, पाकिटं काउंटरवर मांडली आणि एकेकावरचं नाव वाचलं.

"अक्का, माझ्याकडून फक्त ही धुळ्याची जातात. रात्री एक. ही बाकीची कुठून आली?"

"जळगावची नवल पाठवतो, भुसावळची रत्ना. ती बोदवडहून तिकडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. तिन्ही कशाच्या आहेत?"

"झोपेच्याच. नावं वेगळी, घराणं एकच. तिन्ही एकदम घेणारा माणूस दाढी करताना झोपणारच. उद्या जिन्यात झोपेल. आणि खरं सांगू, श्वासालाही धोका असतो."

कुंदाबाईंनी पाकिटं गोळा केली. "मग टाकते सगळी पांझरा नदीत."

"ते नका करू." सत्तारभाईंनी डब्यावर हात ठेवला. "इतके महिने चाललेलं एकदम तोडलं तर झटकेसुद्धा येतात. डॉक्टरांना दाखवा, आजच. ते पायरी पायरीने उतरवतील. नानांना दाखवायला सांगा तिन्ही कागद."

घरी येऊन त्यांनी आधी नवलला फोन लावला.

"आत्या, मी काळजीपोटीच नेलं होतं. डॉक्टरांनी विचारलंसुद्धा, आधी काही चालू आहे का. नाना म्हणाले, काही नाही."

रत्नानेही तेच सांगितलं. वर म्हणाली, "नवलने नेलं होतं हे मला माहीतच नाही. तो काही सांगतो का?"

"तुम्ही दोघांनी काळजी केलीत, ती गिळली त्याने एकट्याने," कुंदाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नाना ओसरीवर उन्हात बसले होते. डोळे अर्धे मिटलेले. कुंदाबाईंनी डबा समोर ठेवला.

"अभिमन, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खोटं का बोललास?"

"खोटं नाही, अक्का. एका सेक्शनचा कागद दुसऱ्या सेक्शनला दाखवायचा नाही. चौतीस वर्षं तेच केलं. जळगावचा डॉक्टर जळगावचा, भुसावळचा भुसावळचा. त्यांना एकमेकांचं कशाला सांगायचं?"

"तो कारखाना होता. हे तुझं पोट आहे."

"बठ्ठं कागदवर शे," नाना म्हणाले. घरातल्या अहिराणीत आले म्हणजे विषय संपला, असा त्यांचा खाक्या. "सगळ्या कागदांवर नाव माझं, सही डॉक्टरांची. लेखी असल्याशिवाय मी काही बंद करत नाही."

कुंदाबाईंनी वाद घातला नाही. या माणसाशी लहानपणापासून वाद घालून कोणी जिंकलं नव्हतं; सात वर्षांचा असताना बापाने घरातच बस म्हटलं होतं म्हणून पाहुणा आला तरी हा दार उघडायला उठला नव्हता. त्या आत जाऊन भाजी निवडायला बसल्या. मेथीची अर्धी जुडी निवडून झाल्यावर पुन्हा बाहेर आल्या.

"निवृत्त झालास त्या दिवशी काय केलंस?"

"चार्ज दिला."

"कोणाला?"

"पुढच्या माणसाला. यादी करून. एक एक नग मोजून, दोघांच्या सह्या घेऊन."

"तेव्हा सगळ्या सेक्शनचे कागद एकाच माणसाला दिलेस ना?"

नानांनी डोळे पूर्ण उघडले. त्या दिवशी पहिल्यांदाच.

"चार्ज देताना द्यावेच लागतात," ते सावकाश म्हणाले.

"मग दे चार्ज. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंना. यादी कर."

यादी करायला दीड तास लागला, कारण मध्ये दोनदा डोळा लागला. पण झाली तेव्हा पट्टीने रेघा ओढलेली, कार्बन लावून दोन प्रतींत होती. अनुक्रमांक, गाव, गोळीचे नाव, वेळ, शिल्लक नग.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. यादी वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी नानांचा रक्तदाब पाहिला, श्वास मोजला, जळगाव आणि भुसावळच्या डॉक्टरांना तिथूनच फोन केले. मग म्हणाल्या, "आजोबा, आजपासून औषध फक्त माझं. दर आठवड्याला थोडं थोडं कमी करू. मधल्या काळात झोप कमी येईल, चिडचिड होईल, घाबरायचं नाही. काही वेगळं वाटलं तर लगेच यायचं. आणि अक्का, डबा तुमच्या ताब्यात."

"लेखी द्या," नाना म्हणाले.

त्यांनी आठवड्यांचा तक्ता लिहून दिला. नानांनी तो दोनदा वाचला.

"शिक्का?"

डॉक्टरीणबाईंनी ड्रॉवर उघडून शिक्का मारला. यादीच्या दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले' म्हणून सहीसुद्धा केली. बाहेर बसलेले पेशंट कंटाळले होते.

परतताना रिक्षात पुलावर गर्दी लागली. नाना नदीकडे बघत म्हणाले, "अक्का, तिन्ही झोपेच्याच होत्या ते मला माहीत होतं. इतका येडा नही मी."

कुंदाबाई त्यांच्याकडे वळल्या.

"चार वाजले की ती चहाला हाक मारायची. आता चार वाजले की घरात कोणी काही बोलत नाही. झोपलेलं असलं की चार वाजत नाहीत."

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. पुढची बैलगाडी हलली नाही.

"आमच्या यांना जाऊन अकरा वर्षं झाली," कुंदाबाई म्हणाल्या. "माझे अजून रोज साडेसात वाजतात. त्यांची पेपरची वेळ. वाजू द्यायचे, अभिमन. पहिल्यांदा मोठ्याने वाजतात."

पुढचे पाच आठवडे सोपे गेले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात नाना पहाटेपर्यंत जागे राहिले आणि दिवसभर पेरूच्या झाडावर डाफरले. तिसऱ्या आठवड्यात कुंदाबाईंनी मसुराची डाळ केली म्हणून जेवणावरून उठले, आणि दहा मिनिटांनी परत येऊन गुपचूप दोन वाट्या प्याले. कुंदाबाईंनी पारोळ्याला निरोप धाडला, अजून येत नाही. चार वाजता मात्र नाना सत्तारभाईंच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसू लागले. तिथे सत्तारभाई चहा पाजत आणि गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या वाचायला देत. डॉक्टरांचं वाईट अक्षर वाचण्यात नाना महिन्याभरात तरबेज झाले.

फेब्रुवारीतल्या रविवारी नवल आणि रत्ना आले, आपापली माणसं घेऊन. नाना गच्चीवर होते. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करून हिरवी वांगी भाजत होते, आणि जाळाला फुंकर घालणाऱ्या जावयाला रागावत होते.

"फुंकू नका. धूर लागेल वांग्याला. तुमच्याकडे काय, गॅसवर भाजतात का?"

जावईबापू मुकाट्याने बाजूला झाले. रत्नाने पर्समधून हळूच एक पाकीट काढलं. "नाना, कधी लागलंच तर म्हणून..."

"भुसावळचा चार्ज दिलाय," नाना म्हणाले. "ते सत्तारकडे नेऊन दे, तो बरोबर ठिकाणी पोचवेल. आणि येताना मिरच्या आण. चार वाजले, भूक लागली."

रत्नाने आत्याकडे पाहिलं. आत्या लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण सोलायचा वेग जरा वाढला.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी वही घेतली. तारीख, हवा, आलेल्यांची नावं. मग शेवटची ओळ :

भरीत सगळं संपलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी एकोणीस झाल्या. पीठ संपलं, उद्या दळण.