शेळ्यांचा खुबूस

रोज दुपारी जेवणं आटोपली की नोना शेजारच्या फाटकाशी जायची आणि साबेराबाईंनी कडीला अडकवलेली शिळ्या खुबुसाची, म्हणजे अरबी रोटीची, पिशवी काढून आणायची. खुबूस कचऱ्यात टाकायचा नाही, ही इथली रीत. पिशवीतलं कुणाच्या तरी शेळ्यांना जातं. मस्कतच्या अल हैलमध्ये शेळ्या कुणाकडे ना कुणाकडे असतातच, म्हणून रत्नागिरीच्या साबेराबाईंनी कधी काही विचारलं नाही.

नोना माझ्या आईची आई. अठ्ठ्याण्णव साली आई गेली आणि इटलीतल्या सालेर्नोजवळच्या गावातून ती मला सांभाळायला मस्कतला आली. डॅडी वसईचे, जहाजाच्या किचनमध्ये काम करताना इटालियन शिकलेले. घरात आईचं नाव निघत नसे. नोना खुबूस उन्हात वाळवायची, कुटायची, लसणावर तेलात परतायची आणि महाग चीजऐवजी पास्त्यावर पेरायची. उरलेले तुकडे टोमॅटोत शिजवायची. शुक्रवारी चर्चमधल्या मिस्सानंतर वसईच्या बायका शिकायला यायच्या.

“हा तर आपला फोडणीचा पाव,” ॲनी आंटी एकदा म्हणाली.

“मग तुझी आजी आमच्या गावची असणार,” नोना म्हणाली. तिचं इंग्रजी तेवढ्यापुरतं होतं. बायका हसल्या. ती ढवळत राहिली.

२००२च्या जूनमध्ये डॅडींची हॉटेलातली नोकरी गेली. दुसरी मिळाली नाही तर व्हिसा संपणार होता. मग आम्ही दोघं वसईला आणि नोना एकटी तिच्या गावी. डॅडींनी हे कुणालाच सांगितलं नाही. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचे, दुपारीच परतायचे.

ऑगस्टमध्ये साबेराबाई मिक्सर मागायला आमच्या स्वयंपाकघरात आल्या आणि आपलाच खुबूस पातेल्यात रटरटताना त्यांनी पाहिला. मिक्सर घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी डॅडी गाडीतून उतरताना त्या फाटकाशी उभ्या होत्या, हातात ताजा खुबूस आणि मटणाचा डबा.

“कॉनराडभाई, काम गेलंय तर सांगायचं ना. शेळ्यांचं खाणं म्हातारीला घालता?”

डॅडी डबा घेऊन आत आले.

“लोकांच्या फाटकावरचा पाव आणतेस, मम्मा. त्यांना वाटतं आपल्याकडे खायला नाही.”

“आहे ना?”

डॅडी खुर्चीत बसले. नोनाने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“कधी गेली नोकरी?”

“जूनमध्ये.”

“मुलगी तुझ्याबरोबर?”

“हो.”

“आणि मी?”

डॅडींनी डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. “वसईला भावाकडे आम्हाला एकच खोली मिळणार आहे.”

नोनाने गॅस बंद केला. मटण तिघांनी खाल्लं. चांगलं होतं.

त्यानंतर पिशवी कडीलाच राहू लागली. शुक्रवारी बायका आल्या. नोनाने पास्ता करून दाखवला, वर काही पेरलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही.

सप्टेंबरात आम्ही तिला सीबच्या विमानतळावर सोडलं. आमचं विमान त्यानंतर आठवड्याने होतं. तिच्या घरी फोन नव्हता. पुढच्या मार्चमध्ये तिच्या शेजारणीने वसईला फोन करून नोना गेल्याचं कळवलं. मी अभ्यास करत होते. धडा पूर्ण केला.

विमानतळावर कुणी रडलं नव्हतं. डॅडी ट्रॉली धरून उभे होते. आत जाण्याआधी नोनाने माझी कॉलर सरळ केली.

“चणे भिजत घातलेत,” ती म्हणाली. “संध्याकाळी पाणी बदल.”