पडद्याखालचा डोअरकीपर

सोलापुरात लागलेल्या त्या परदेशी कौटुंबिक सिनेमाचं हिंदी डबिंग ही उघड फसवणूक होती! बापाचे ओठ मिटले तरी बोलणं सुरूच. गिरणीतली माणसं पोराबाळांसह आलेली, चिडून खुर्च्या आपटत होती. मी मनात निषेधाचं पत्रक लिहीत होतो. पडद्यावरची आई हरवलेल्या लेकराला हाक मारत होती, ती स्टेशनात गाडी पुकारावी तशी.

तेवढ्यात डोअरकीपर पुढे आला. खाकी शर्ट, बगलेत टॉर्च. रोज मान खाली घालून तिकिटं फाडणारा हा माणूस वर मशीनच्या खोलीतल्या ऑपरेटरवर ओरडला, "आवाज बंद कर की रं!" आवाज बंद झाला आणि तो पडद्याखाली उभा राहून स्वतःच हाक मारू लागला, "ये की रं माज्या सोन्या, कुटं गेलास?"

खुर्च्या आपटायच्या थांबल्या. माझं पत्रक अर्धवटच राहिलं.

मॅनेजर धावत आला. "नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ द्या की, सायेब. आई लेकराला अशी हाक मारती व्हय?"

मॅनेजरनं त्याचा दंड धरला. तशी पुढच्या रांगेतली एक बाई कडाडली, "ओ मॅनेजर, खाली बसा की! आईचं तोंड दिसंना झालंय!"

"बसा, बसा!" सगळं थेटर गरजलं.

मॅनेजर दंड सोडून फरशीवर बसला. डोअरकीपरनं पुन्हा हाक मारली.