मागच्या दाराने पाहिलेले देश

गल्लीत सगळे त्याला ‘जगप्रवासी’ म्हणत, आणि दर वेळी तो मनातल्या मनात चडफडत असे. परदेशी सहली नेणाऱ्या एका कंपनीत तो आचारी होता. कंपनीच्या पत्रकावर ठळक छापलेलं असायचं, ‘कुठेही फिरा, जेवण मात्र घरचं’. ते घरचं जेवण म्हणजे हा.

आधी तो एका कारखान्याच्या कँटीनमध्ये रस्सा ढवळत असे. सहलीची नोकरी मिळाली तेव्हा त्याने बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की आता देशोदेशीच्या चुली बघणार, तिथल्या माणसांकडून शिकणार आणि घरी येऊन असं काही करून घालणार की तू बोटं चाटत बसशील. बायको तेव्हा हसली होती.

झालं भलतंच. विमानातून उतरलं की पाहुणे राजवाडे बघायला जात आणि हा भांड्यांच्या खोक्यांशेजारी कस्टमच्या टेबलापाशी अडकून पडे. अधिकारी मसाल्याचे डबे उघडून हुंगत, शिंकत आणि वर यालाच संशयाने बघत. एकदा तर त्यांनी कुकरची शिट्टीच काढून घेतली. ती कशासाठी असते हे त्याने तोंडाने फुस्स फुस्स करून दाखवलं, तेव्हा ते जास्तच बिथरले. ती सगळी सहल त्याने झाकणावर दगड ठेवून भात शिजवला, आणि भात मोकळा का होत नाही म्हणून पाहुण्यांची बोलणीही खाल्ली.

हॉटेलात त्याने शिरायचं ते मागच्या दाराने, कचऱ्याच्या डब्यांमधून वाट काढत. आत एक कोपरा आणि एक शेगडी मिळे. तिथे तोच भात, तोच बटाट्याचा रस्सा, त्याच कोशिंबिरी. शेजारच्या शेगड्यांवर मात्र त्या त्या मुलखाचे आचारी काय काय करत असत! कुणी अख्खं बदक मातीत लिंपून भट्टीत सरकवायचा, कुणी तांदळाच्या पिठाचे काचेसारखे पातळ पापुद्रे वाफेवरून अलगद उचलायचा, कुणी सुक्या मिरच्या आणि कोको एकत्र वाटायला घ्यायचा. हा बटाटे सोलता सोलता मान वाकडी करून बघत राही. भांडं चढताना दिसे, उतरताना मात्र कधी दिसलं नाही. तेवढ्यात बस येई आणि याला वाढायला पळावं लागे. अशा कितीतरी देशांच्या अर्ध्याच पाककृती त्याच्या डोक्यात साठत गेल्या.

पूर्ण बघायला मिळाली ती एकच. समुद्रकाठच्या एका लहानशा हॉटेलात उतरले होते. पाहुणे दिवसभरासाठी बेटावर गेलेले. तिथलं स्वयंपाकघर एक जाडजूड, गंभीर चेहऱ्याची बाई सांभाळत होती. भाषेचा पत्ता नाही, म्हणून हा तिला सरळ ‘ताई’ म्हणू लागला, आणि तीही हाकेला वळून बघू लागली. तिने भिजवलेल्या लाल मिरच्यांचा गर चमच्याने खरवडला, तळलेला पाव आणि भाजलेले बदाम खलबत्त्यात कुटले, कांदा मंद आचेवर टाकला. कांद्याला वेळ लागतोय असं वाटून याने शेगडी मोठी करायला हात पुढे केला, तर ताईने सटकन मनगटावर चापट मारली. पुन्हा हात गेला, पुन्हा चापट. मग तो गुमान बसला. कांद्याचा अगदी मुरंबा झाल्यावर वाटण पडलं, पाणी पडलं, आणि सगळ्यात शेवटी माशाचे तुकडे. दुसऱ्या दिवशी पाहुणे पुन्हा फिरायला गेल्यावर ताईने पळी त्याच्याच हातात दिली आणि स्वतः स्टुलावर बसून राहिली.

त्या संध्याकाळी त्याने नेहमीचं जेवण मांडलं आणि शेजारी स्वतः केलेल्या माशाचं पातेलं ठेवलं. सहलीच्या मॅनेजरने ते लगेच हेरलं.

“हे काय नवीन?”

“इथलंच आहे, साहेब. एकेक घास चाखून बघतील म्हणून केलं.”

“लोक आपल्याबरोबर घरच्या जेवणासाठी येतात, आचारी. तुमच्या हौसेसाठी नाही.”

पाहुणे दमून आले होते. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी झाकण उचललं, आत डोकावून पाहिलं आणि चुकून दुसऱ्याच्या खोलीचं दार उघडल्यासारखं ते हळूच परत ठेवून दिलं. एका बाईंनी विचारलं की यातली पळी भाताला तर लावली नाही ना. बाकीच्यांनी तिकडे पाहिलंही नाही. बटाट्याचा रस्सा चाटूनपुसून संपला आणि पातेलं भरलेलं तसंच राहिलं. ताई दारातून सगळं बघत होती. ती आली, पातेलं उचलून आत घेऊन गेली आणि बसच्या ड्रायव्हरला शेजारी बसवून जेवू लागली. यालाही बोलावलं. पहिला घास खाऊन ती याच्याकडे बघून बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. भाषा येणारा तिथे एकच माणूस, तो मॅनेजर. याने त्याला विनवून आत आणलं. मॅनेजरने मोबाईलवरून नजर न काढता ऐकलं आणि म्हणाला, “बरं झालंय म्हणते.”

एवढं सगळं बोलली त्याचे दोन शब्द! काय कमी होतं, काय जास्त होतं, काय ते तिने नक्की सांगितलं असणार. ती सल त्याला पुढे कित्येक वर्षं सोडत नव्हती. शिवाय तक्रार ऑफिसात पोचली ती वेगळीच. असले प्रयोग नकोत, असं मोठ्या साहेबांनी गोड शब्दांत बजावलं आणि याने मान डोलावली.

मग जमाना बदलला. एके दिवशी साहेबांनी नवीन पत्रक त्याच्यापुढे ठेवलं. त्यावर कणीक मळणाऱ्या हातांचा फोटो होता. आता सहलीतले पाहुणे गावोगावच्या स्वयंपाकघरात उभे राहून तिथलेच पदार्थ शिकणार होते. याला वाटलं, उशिरा का होईना, आपले दिवस आले. मी कुठल्या तुकडीबरोबर जायचं, असं त्याने विचारलं.

साहेब घसा खाकरून म्हणाले, “शिकवणारे तिथलेच असतील. करणार पाहुणे, खाणारही तेच. तेव्हा तुम्ही आता…” पुढचं त्यांनी हवेतच सोडलं.

“मग मला शिकायला पाठवा,” तो म्हणाला.

साहेबांना ती गंमत वाटली. ते मनापासून हसले. निरोप म्हणून कंपनीने त्याला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं.

त्यानंतर तो एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात लागला. तिथे मीठसुद्धा मोजून घालायचं. सुट्टीच्या दिवशी मात्र तो घरी त्या अर्ध्या पाककृती घेऊन बसे. माती तडकून बदक करपलं. पापुद्रे फाटले. माशाच्या रश्शासाठी तशा मिरच्या मिळेनात, मिळाल्या त्या जाळ तिखट. हे तेल तसलं नाही, हा मासा त्या चवीचा नाही, अशी त्याची धुसफूस चाले आणि भांडी आदळली जात. बायको समोर येईल ते मुकाट्याने खाई. एकदा तोच मासा चौथ्यांदा की पाचव्यांदा करून त्याने तिला विचारलं, “कसं झालंय?”

“मला काय विचारता?” ती म्हणाली. “कसं व्हायला हवं ते मला कुठे ठाऊक आहे? मी कधी या गावाबाहेर पाऊल टाकलंय?”

ती हे ठसक्यात बोलली असती तर त्याला सोपं गेलं असतं. पण ती घास चावता चावता, साधी माहिती द्यावी तशी बोलली. इतक्या वर्षांत प्रत्येक सहलीहून आल्यावर आपण हिच्यापुढे फक्त गाऱ्हाणी ओतली, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. त्याने तिच्या ताटात आणखी थोडं वाढलं.

पुढच्या रजेत दोघं आगगाडीने आणि पुढे बसने शेजारच्या देशात गेली. बरोबर एक बॅग आणि पाण्याची बाटली, बाकी भांडंकुंडं काही नाही. बायको पहिल्या दिवशी बुजली, दुसऱ्या दिवशी परक्यांच्या ताटांकडे बोट दाखवून ‘हे द्या’ म्हणू लागली. गोगलगाईसुद्धा तिने खाल्ल्या आणि शंखात काही उरलं का ते काडीने कोरून बघितलं. हा मात्र प्रत्येक ठिकाणी स्वयंपाकघराच्या दाराकडे टक लावून बसे.

एका खाणावळीत सूप आलं. त्यात नखाएवढे पिठाचे गोळे होते. ते इतके हलके कसे झाले हे बघायलाच हवं म्हणून तो उठला आणि थेट आत निघाला. वेटरने हात आडवा धरला. गिऱ्हाइकांनी आत यायचं नसतं, एवढं त्याच्या खुणेवरून समजलं. मीही आचारी आहे, हे सांगायला याने हवेत जोरजोरात पळी फिरवून दाखवली. वेटर समजल्यासारखा हसला, आत गेला आणि याला मोठा चमचा आणून दिला.

तो चमचा घेऊन लालबुंद चेहऱ्याने तो टेबलापाशी परतला. आयुष्यभर मागच्या दाराने आत घेतलं, आणि पुढच्या दाराने आलो तर आत घेत नाहीत, असं काहीबाही तो पुटपुटत होता. बायकोने त्याची खुर्ची पुढे ओढली.

“बसा आता. निवतंय ते.”

तो बसला आणि त्या मोठ्या चमच्यानेच सूप प्यायला. चांगलंच झालं होतं. आंबट कशाने आलंय ते त्याला ओळखता येईना. बायको म्हणाली लिंबू असेल, तो म्हणाला लिंबू नाही, लिंबू असं जिभेवर मागे राहत नाही. मुक्कामाच्या खोलीपर्यंत दोघं त्यावरच वाद घालत गेली, आणि शेवटपर्यंत त्याला ते कळलं नाही.